पडवीतली दुसरी चूल

आमच्या वाडीत चूल वेगळी झाली की ती मोठी बातमी असते. भाऊ भाऊ भांडतात, एकमेकांचे बांध कोरतात, कोर्टात जातात, त्याचं कोणाला फारसं काही वाटत नाही. पण चूल वेगळी झाली म्हणजे घर फुटलं, आणि तो विषय विहिरीवर चांगला आठवडाभर पुरतो. आमच्याकडे चूल वेगळी झाली तेव्हा घरात माणसं होती दोन, मी आणि माझी सासू. त्यातली एक अंथरुणाला खिळलेली. कोण कोणापासून वेगळं निघालं हे विहिरीवरच्या बायकांना कळेना आणि मला ते सांगायची सोय नव्हती.

ही ऐंशीनंतरच्या वर्षांतली गोष्ट. आमची वाडी रत्नागिरीपासून आत होती आणि एस.टी.चा रस्ता गाठायला कातळाचा सडा, म्हणजे उघडं पठार, तुडवत जावं लागे. नवरा मुंबईला गोदीत होता, तो तिकडेच कावीळ होऊन गेला. मूलबाळ नव्हतं. माझं माहेर आंजर्ल्याकडचं. भाऊ न्यायला आला होता, पण मी गेले नाही. यात त्यागबिग काही नव्हता, उगाच कोणी माझी आरती करू नये. भावजयीच्या हाताखाली आयुष्यभर भांडी घासण्यापेक्षा सासूशी रोज भांडणं मला बरं वाटलं. शिवाय मला काम होतं.

सड्यापलीकडे रस्त्याला लागून काजूचा कारखाना होता. काजू फोडणाऱ्या बायकांचे हात टरफलाच्या तेलाने काळे पडत, भेगाळत. मी सुरुवातीला फोडायलाच होते. पुढे माझी नजर बरी आहे म्हणून मला निवडीच्या टेबलावर बसवलं. अख्खा गर एकीकडे, पाकळी दुसरीकडे, तुकडा तिसरीकडे. हात चालत राहायचे आणि तोंडही. त्या टेबलावर मी जितकी हसले तितकी लग्नाच्या आधीही हसले नव्हते. नवरा गेलेली बाई वाडीत हसली की लोकांच्या माना वळतात. टेबलावर कोणाला मान वळवायला सवड नसे.

मग एके सकाळी सासू परसात पडली. अंगावरून वारं गेलं. डावा हात, डावा पाय गेला, तोंड वाकडं झालं. बोलणं काही दिवसांनी परत आलं, थोडं जड, पण धार तीच. मी काम सोडलं. सोडताना वाटलं होतं, दोनेक महिन्यांत ही उठून बसेल. दोन पावसाळे उलटले तरी मी घरातच होते. तिला उचलायचं, पुसायचं, भरवायचं, कूस बदलायची, तिची बोलणी खायची. येणारेजाणारे सांगायचे, सासूची सेवा करतेस, मोठं पुण्याचं काम आहे. एवढं सांगून चहा पिऊन जायचे. त्यांच्यातल्या एकानेही कधी तिची कूस बदलून दिली नाही.

पौष लागला होता तेव्हा टेबलावरच्या मोठ्या बाईंचा निरोप आला. शिमग्यानंतर नवीन काजू येईल, तेव्हा तुझ्या जागेवर दुसरी बसेल. यायचं असेल तर तोवर ये. तो निरोप ऐकला आणि मला रडूच फुटलं. तोवर मला वाटत होतं की मी ते काम विसरले. विसरले कसली.

शेजारची काकी सासूजवळ बसायला तयार होती. ती लोकांच्या शेतावर मजुरीला जायची. तिने सरळ सांगितलं, "मी बसंन गो. पन माजी मजुरी बुडंल तिचं काय?" बरोबरच होतं तिचं. माझ्या मजुरीत आम्हा दोघींचं खाणं, औषध आणि वर काकीची बुडालेली मजुरी भागणं शक्य नव्हतं. म्हणून मी तलाठ्याकडे गेले. निराधार म्हाताऱ्यांना सरकार महिन्याला काहीतरी देतं, त्याला आमच्याकडे निराधारचा पगार म्हणतात, एवढं मला माहीत होतं. तो पगार सासूला मिळाला की तो काकीला द्यायचा आणि मी कामावर जायचं, असा माझा साधा बेत.

तलाठी वयस्क होते, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. त्यांनी चष्मा पुसत मला नियम समजावला. ज्याला बघणारं कोणी आहे तो निराधार नव्हे. सून घरी राहून बघते, म्हणजे सासू निराधार नाही.

"मग मी कामावर गेले तर?" मी विचारलं.

"तर तुझी मजुरी घरात आली. मग गरजच कुठे राहिली?"

"म्हणजे मी घरी बसले तरी पगार नाही आणि कामाला गेले तरी नाही?"

"तसंच होतं खरं," ते म्हणाले. त्यांच्याही ते तेव्हाच लक्षात आलं असावं.

माझं डोकं फिरलं. "मग मी तिला विहिरीत ढकलून दिली तर मिळेल का पगार?"

"नाही मिळणार," भाऊसाहेब शांतपणे म्हणाले. "लाभार्थी हयात असावा लागतो."

मला इतका राग आला होता, तरी हसू आलं. तेही हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाय, चूल वेगळी असेल तर गोष्ट वेगळी. वेगळी राहते, वेगळी खाते, बघणारं कोणी नाही. मी चौकशीला येईन, पंचांसमोर तिला विचारीन. ती बोलेल ते लिहीन. मला दिसेल तेही लिहीन."

घरी येऊन मी सासूला सांगितलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. "मी मेले की कर काय ती वायली चूल," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या दिवशी तिने पेजही घेतली नाही. लग्न होऊन आल्यापासून तिने मला नाही नाही ते ऐकवलं होतं. मीही तिला काही कमी ऐकवलं नव्हतं. पण वेगळं निघायची भाषा दोघींपैकी कोणी केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिचे केस विंचरताना मी म्हटलं, "आत्या, मला कामाला जायचंय."

"पैशे कमी पडतात काय?"

"पडतात. पण नुसतं त्याच्यासाठी नाही. मला इथे गुदमरायला होतं."

तिने मान मागे वळवली. मग म्हणाली, "माज्यामुळं?"

खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "तुमच्यामुळं."

बराच वेळ फणी चालली. मला वाटलं आता शिव्या येतील. ती म्हणाली, "घाल मंग चूल." हे बोलताना तिला काय वाटलं असेल, याचा विचार माझ्या मनात अजून येतो. स्वतःच्या मुलाच्या घरात, स्वतःच्या हाताने सारवलेल्या पडवीत, तिने स्वतःला वेगळं काढायला हो म्हटलं आणि ते माझ्यासाठी म्हटलं. त्या बाईने माझ्यावर माया केल्याचा याच्याआधी मला एकही पुरावा मिळाला नव्हता.

जांभ्याचे तीन चिरे आणून मी पडवीत चूल मांडली. एक टोप, एक ताट, एक तांब्या वेगळा काढला. चुलीत राख हवी, भिंतीला काजळी हवी, म्हणून रोज सासूची पेज त्याच चुलीवर शिजवायला लागले. म्हणजे माझ्या जेवणाला आत एक चूल आणि तिच्या पेजेला बाहेर एक, दोन्ही पेटवणारी मीच. धुराने डोळे चुरचुरायचे आणि मी सरकारच्या नावाने बोटं मोडायची.

मग शिकवणी सुरू झाली. मी पेजेचा चमचा तिच्या तोंडाशी न्यायचा आणि भाऊसाहेब होऊन विचारायचं, "आजी, तुम्हाला बघतं कोण?"

"तूच बगतेस की. भूत बगतंय काय?"

"असं नाही म्हणायचं. म्हणायचं, माजं बगनारं कोन नाय."

"माजं बगनारं कोन नाय," ती म्हणायची आणि तोंड उघडायची. मी चमचा आत घालायची. एका जेवणात हे दहादा व्हायचं. काकी उंबऱ्यावर बसून पोट धरून हसायची. सासूलाही मजा येऊ लागली. आवाजात कंप काय, उसासा काय, एकदा तर डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. तरुणपणी तिला नमनाच्या खेळात सोंग देऊन उभी केली असती तर नाव काढलं असतं.

चौकशीच्या दिवशी मी ठरल्याप्रमाणे परसाच्या बाजूला जाऊन बसले, कुडाच्या फटीतून बघत. भाऊसाहेब दोन पंचांना घेऊन पडवीत आले. चुलीपाशी वाकले आणि तसेच थांबले. तेव्हा माझं लक्ष गेलं. चुलीवर ओलं हळदकुंकू होतं, समोर छोटीशी रांगोळी आणि वर तगरीचं फूल. मी काही ते केलं नव्हतं, मला हळदकुंकू लावायचा अधिकार कुठे होता? पण नवी चूल आहे, साहेब बघायला येणार आहेत, तिला कोरडी कशी ठेवायची, म्हणून काकीने सवाष्णीच्या हाताने सकाळी तिची पूजा करून टाकली होती. सासूलाही तिने धुतलेलं पातळ नेसवून, चापूनचोपून अंबाडा घालून बसवली होती. जिला बघणारं कोणी नाही अशी म्हातारी एखाद्या लग्नघरातली वाटत होती.

"वेगळं निघताना चूल कोण पूजतं हो?" एक पंच म्हणाला.

भाऊसाहेबांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. "चूल आहे ना? वेगळी आहे ना?" म्हणाले. "मग झालं." आणि सासूकडे वळले. "आजी, तुमचं बघतं कोण?"

सासूने एकदा परसाच्या दिशेने पाहिलं. मी तिथे आहे हे तिला ठाऊक होतं. "माजं बगनारं कोन नाय, भाऊसाब," ती म्हणाली. या वेळी आवाजात कंप नव्हता, उसासा नव्हता, काही नव्हतं. साधं बोलली. पंचांनी माना खाली घातल्या. हेच वाक्य मी घासाघासाला भरवलं होतं आणि तरी ते ऐकवेना.

पगार मंजूर झाला. शिमग्याच्या आधी मी टेबलावर हजर होते. बायकांनी सरकून जागा केली, कोणीतरी चहाची बशी पुढे केली आणि बोटं आपसूक चालायला लागली. मी खोटं बोलणार नाही, त्या दिवशी दुपारपर्यंत मला सासूची एकदाही आठवण झाली नाही. याबद्दल मला तेव्हा वाईट वाटलं नाही आणि आत्ताही वाटत नाही. संध्याकाळी घरी आले तेव्हा मी तिच्याशी दोन वर्षांत प्रथमच काहीतरी नवीन बोलले. कोण कोणाला काय म्हणालं, कोणाची सून पळाली, कोणाच्या डब्यात काय होतं. ती कान टवकारून ऐकायची आणि मी थांबले की म्हणायची, "मंग पुडं?" मी कामाला गेले म्हणून तिला सून परत मिळाली, असं मला वाटतं. नियम करणाऱ्यांनी ही बाजू कधी विचारातच घेतली नसेल.

बरी दोन वर्षं गेली. मग तिचं डोकं हळूहळू साथ सोडायला लागलं. आधी वार विसरली, मग सण, मग माणसं. एकेक शब्द गळून गेला. शेवटी जे थोडं उरलं त्यात ते एक वाक्य ठाम होतं. पेजेचा चमचा तोंडाशी गेला की ते आपोआप यायचं. "माजं बगनारं कोन नाय." मी पुसत असताना, वेणीफणी करत असताना, पडवीवरून कोणी पोस्टमन गेला तरी त्याला हाक मारून ती तेच सांगायची. पूर्वी जे लोक पुण्य पुण्य म्हणत चहा पीत, ते आता चहा न घेताच जाऊ लागले. वेगळी चूल तर त्यांना पडवीत दिसतच होती. विहिरीवर मी गेले की बोलणं थांबायचं. खरं सांगायची सोय नव्हती. खरं सांगितलं की पगार बंद, पगार बंद की काकी नाही, काकी नाही की टेबल नाही. मी ओठ मिटून घागर भरायची आणि घरी येऊन भांडी आपटायची.

हे बोलणं देवरुखापर्यंत पोचलं. माझी नणंद तिकडे आत डोंगरातल्या गावात दिलेली. ती माझ्याहून मोठी, मी तिला ताई म्हणायची. मुलाबाळांचं, गुरांचं रहाटगाडगं सोडून ती वर्षातून एकदा यायची, त्या वेळी अवचित आली. आईने लेकीचा हात धरला आणि सांगितलं, "माजं बगनारं कोन नाय." ताईने चूल पाहिली, टोप पाहिला आणि मी कामावरून येईपर्यंत दारात उभी राहिली.

"मजुरीच्या पैशासाठी माज्या आयेला वायली काडलीस?" ती सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं ओरडली. मी नियम सांगायला लागले. असा नियम आहे, सरकारला असं हवं असतं, हे सगळं खोटं आहे ताई. ऐकताना माझं मलाच ते लबाडीचं वाटत होतं. तिने काही ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी गाडी करून आईला घेऊन गेली.

घर रिकामं झालं. आता मी हवी तितकी कामावर जाऊ शकत होते आणि मला टेबलावर बसवत नव्हतं. पाकळीत अख्खे गर जायला लागले. मोठ्या बाई ओरडल्या. शिमग्याच्या पालखीलाही मी घराबाहेर पडले नाही.

पालखी येऊन गेल्यावर काही दिवसांनी ताई आईला घेऊन परत आली. स्वतःच तिला उचलून पडवीत आणलं, स्वतःच अंथरूण घातलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तितंपन तेच बोलती. मी भरवतेय, मी पुसतेय, रातचा डोळा लागत नाय माजा, आनि शेजारपाजाऱ्यांना सांगती, माजं बगनारं कोन नाय. माजी सासू बोलली, लेक असून ही तऱ्हा." आणि ती धाय मोकलून रडायला लागली. मला तिची दया आली आणि मनातून बरंही वाटलं, दोन्ही एकदमच. मी तिला पाणी दिलं. मग आम्ही दोघींनी मिळून म्हातारीला आंघोळ घातली. ती मधेमधे ते वाक्य म्हणत होती आणि एकदा आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो.

ताई अजून घरात होती तेव्हाच फेरचौकशी आली. भाऊसाहेब निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी घाटावरचा एक तरुण तलाठी आला होता, कडक, कपडे इस्त्रीचे. लाभार्थी हयात आहे का आणि अजून निराधार आहे का, हे बघायला आला होता. रविवार असूनही तो अचानकच आला, त्यामुळे परसात जायला मला वेळ मिळाला नाही. माझ्या एका हातात पेजेचा वाडगा, दुसऱ्यात चमचा. लपवायला काही जागा नव्हती. ताई दारात, काकी उंबऱ्यावर. एका क्षणात मला टेबलावरची माझी जागा, चहाची बशी, सगळं गेलेलं दिसलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं, वाडग्याकडे पाहिलं आणि म्हातारीपुढे उकिडवा बसला. "आज्जी, तुमच्याकडं कोण बघतंय?"

प्रश्न ऐकून आम्हा तिघींना जरा धीर आला. एवढं एक वाक्य तरी ती चुकणार नव्हती. पण सासूने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि तिचा वाकडा चेहरा लहान पोरीसारखा उजळला. बरा हात उचलून तिने माझा पदर धरला.

"ही काय," ती म्हणाली. "माजी आये."

वर्षानुवर्षं ज्या उत्तरासाठी मी आतल्या आत जळत होते ते आलं होतं, आणि आलं होतं ते नेमकं तलाठ्यासमोर.

"हिची आई?" त्याने काकीला विचारलं.

काकीने तोंडावर पदर घेतला. "तिची आये कवाच मेली, साहेब. आमी लगीन होऊन आलो नव्हतो तवाच."

"म्हंजे आता कोणच न्हाई," तो वाडग्याकडे न बघता म्हणाला आणि गुडघ्यावर कागद ठेवून त्याने तसं लिहिलं. मग उठला, सगळ्यांना नमस्कार केला आणि पायऱ्या उतरून गेला.

पगार चालू राहिला. ताई भिंतीला टेकून रडत होती. दुसऱ्या दिवशी सोमवार होता. मी डबा भरला, काकी येऊन बसली, आणि मी चपला घालताना सासूने मला हाक मारली. त्या दिवसापासून ती मला आये म्हणूनच हाक मारायची, शेवटपर्यंत.

"आये, कामाला जातेस?"

"जाते."

तिने जरा विचार केला. "आनि मी?" म्हणाली.

मी एक चप्पल घातलेल्या पायाने तिथेच तिच्याजवळ बसले. त्या दिवशी मला कारखान्यात पोचायला उशीर झाला, पण मी गेले.